कणगीतलं पुस्तक

नाथाजीनं नारळ फोडला तसं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. देवळापुढच्या मांडवात सगळी भावकी बसली होती. त्याचा थोरला भाऊ, भाऊसो, म्हणाला, "आता म्हण."

"चुकलं माझं. प्रार्थना सोडली. येशूचं नाव आता घ्यायचो न्हाई."

मग सगळ्यांनी त्याच्या बायकोकडं बघितलं. बनाबाई डोईवर पदर घेऊन मागं उभी होती.

"माझं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "मला न्हाई सोडता यायचं."

सहा वर्षांपूर्वी नाथाजीच तिला सांगलीला, विश्रामबागेतल्या प्रार्थनेला घेऊन गेला होता. तिथं त्याची दारू सुटली होती. बनाबाईला अक्षर येत नव्हतं. रोज सकाळी तो चुलीपाशी बसून बायबल वाचायचा आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. आता भावकीच्या सांगण्यावरून महिनाभर गिरणीवाला त्यांचं दळण घेत नव्हता. सामाईक विहिरीची मोटर नेमकी त्यांच्या पाळीला बंद पडायची. उभा ऊस करपत चालला होता.

"तिला भाईर काढ," भाऊसो म्हणाला. "कुलूप तुझ्या हातानं लाव. आन् ते पुस्तक हितं आणून जाळ. मग जेवायला बस."

घरी बनाबाईनं दोन लुगडी पिशवीत भरली. शिरवळला तिची बहीण होती. फडताळातलं बायबल तिनं पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"घिऊन जा की," तो म्हणाला. "हितं जाळत्याल."

"आवं, मला कुठं वाचता येतंय? लपवा कुठंतरी. पर वाचत जावा."

त्यानं ते ज्वारीच्या कणगीत खोल खुपसलं. 'थांब' हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. तो किल्ली शोधत राहिला. ती पायरी उतरली आणि मागं न बघता फाट्याच्या वाटेला लागली.

मांडवात पंगत बसत होती.

"पुस्तक कुठाय?" भाऊसोनं विचारलं.

नाथाजीनं मुठीतली किल्ली घट्ट धरली. "ती घिऊन गेली."

भाऊसोनं आपल्या थोरल्या लेकाला हाक मारली. "जयराज, दोघातिघांना घे, गाड्या काढा. एस्टी यायला येळ हाय अजून. पिशवी उलटी करा तिची. गुमान दिली न्हाई, तर बाईमाणूस म्हणून गय करू नगा."

दोन मोटरसायकली धुरळा उडवत गेल्या. नाथाजीचं तोंड उघडलं होतं.

"उभा का? बस की रं," कुणीतरी त्याचा हात ओढला. सहा वर्षांत पहिल्यांदाच पंगतीतली माणसं सरकली, त्याला जागा झाली. तो बसला. पत्रावळीवर वाफाळता भात पडला, वर आमटी पडली.

फाट्याकडनं काही ऐकू येतंय का म्हणून त्यानं कान टवकारले होते. हात भात कालवत होता.