बांधावरचा पदर

मी एक जुना भोंगा आहे मित्रांनो, पत्र्याचा, कडेला पोचा पडलेला. लग्नात-जत्रेत गाणी वाजवणाऱ्या शहाद्याच्या भिलानं मला मुंबईहून आणलं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायची होती. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. तो थरथरला की आवाज निघतो. आमची आवाज वाढवणारी पेटी दहा वॅटची होती आणि मीही तेवढंच पेलत असे. आमची जोडी छान जमली होती.

पेटीजवळ बसणाऱ्याला माझा खरा आवाज कळत नाही. तिथं माणसांचा गलका असतो आणि माझं तोंड असतं दूर, बांबूवर. म्हणून भिलाची बायको कौसाबाई लांब बांधावर जाऊन उभी राहायची. आवाज फाटायला लागला की ती पदर हलवायची. भिला लगेच पेटीची कळ मागे घ्यायचा. प्रकाशा गावच्या जत्रेत लोक म्हणायचे, भिलाचा भोंगा कसा गोड बोलतो! ते कौतुक माझं होत असे, पण कान कौसाबाईचे होते.

पुढं भिलानं जुनी पेटी विकून तीस वॅटची आणली. कौसाबाई म्हणाली, "पेटी तुम्ही बैलसारखी आनी, पन हाऊ भोंगा वासरू शे. आखो एक मोठा भोंगा आना."

"हंगाम सरू दे, मंग इकत लेसूत," भिला म्हणाला.

त्याच हंगामात ब्राह्मणपुरीला हिंमतराव पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. तबकडी लागली. पाटील मांडवातूनच ओरडले, "इतली मोठी पेटी, आन् आवाज मांजरना? व्याहीना गावले आयकू जाऊ दे!"

लोक हसले. भिलानं कळ फिरवली. माझा पडदा कडकडू लागला. बांधावर कौसाबाईचा लाल पदर हलला. मग ती दोन्ही हातांनी पदर हलवू लागली. भिलानं तिकडं पाहिलं आणि कळ आणखी पुढं नेली. माझ्या पोटात काहीतरी टरकन फाटलं. मी मुका झालो.

परतताना बैलगाडीत मी दोघांच्या मध्ये होतो.

"मन्हा पदर दिसना नही का तुमले?"

"हां, दिसना. देखा मी."

"मंग?"

"लोके देखी ऱ्हायंतात ना."

घरी गेल्यावर कौसाबाईनं माझ्यावरची धूळ पुसली आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवलं.

लढाईमुळे नवा पडदा कुठंच मिळेना. कौसाबाई भिलाला अधूनमधून विचारायची, "उना का पडदा?" पावसाळ्यात तिला ताप आला. त्या तापातच ती गेली. पडदा आला तो दिवाळीनंतर. भिलानं माझ्यावरचं फडकं सोडलं आणि बराच वेळ ते हातात धरून बसला. मग त्यानं पडदा बसवला.

आता मी पुन्हा बोलतो. पेटी तीच आहे, मोठी. मांडवातून कोणीतरी ओरडतं, "आवाज वाढाव ना भो!" भिला कळीवर हात ठेवून बांधाकडं बघतो. तिथं कोणी नसतं. तो कळ वाढवत नाही.

मित्रांनो, पेटी मोठी आणलीत तर आधी भोंग्याची ताकद बघा. आम्हाला बोलून सांगता येत नाही. पण लांब उभं राहून कोणी पदर हलवत असेल, तर लोक बघत असले तरी हात आवरा. फाटलेला पडदा उशिरा का होईना, बदलता येतो.