रिकाम्या जागेपाशी अडणारी भाषा

मित्रांनो, मी एक जुनी संगणकभाषा आहे. मी तोंडाने बोलायची भाषा नव्हे. माझ्यात आज्ञा लिहिल्या की यंत्र त्या पाळतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत, मागच्या थंडगार खोलीतल्या अवजड यंत्रावर माझं आयुष्य गेलं. कुठल्या रुग्णाला कुठली पिशवी द्यायची, हे मी जुळवून सांगते.

माझी एक खोड आहे. रक्तगटाची जागा रिकामी दिसली की मी अडून बसते. माणूस येऊन ती भरेपर्यंत हूं की चूं करत नाही. पेढीतले लोक मला ‘अडेलतट्टू’ म्हणत, आधी कौतुकाने, मग वैतागून. वाईट वाटायचं; पण माझ्या हातून चुकीची पिशवी कधी गेली नाही.

आता माझं यंत्र म्हातारं झालं. सुटे भाग मिळेनात. मला सांभाळणाऱ्या ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा धाकटा भाऊही याच कामातला. तो म्हणाला, “ताई, भाषा हीच ठेव. फक्त तिला चालवणारा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालची यंत्रणा, नवा घे. नव्या यंत्रावर सुसाट धावेल.”

“आणि ही बदलली तर?”

“एक शब्दही बदलत नाही गं. तुझा आपला उगाच हट्ट.”

“हट्ट नाही रे. मला भीती वाटते.”

रोज दोघांची जुंपायची आणि चहा गार व्हायचा. माझा जीव टांगणीला. गेले नाही तर यंत्राबरोबर मीही संपणार. गेले तर मी मीच राहीन का, कोण जाणे.

शेवटी भावाने मला चाचणीपुरतं नव्या प्लॅटफॉर्मवर बसवलं. काय सांगू, इतकी चपळ मी तरुणपणीही नव्हते! मग ताईंनी रुग्ण म्हणून आपल्या आईचं नाव घातलं आणि गट मुद्दाम रिकामा सोडला. मी अडणार, तोच प्लॅटफॉर्मने ती जागा परस्पर भरून टाकली. कुठेच थांबायचं नाही, अशी त्याची घडण. रिकामं दिसलं की यादीतला पहिला गट घालायचा. पडद्यावर आलं, ए गटाची पिशवी द्या.

भावाचा चेहरा उतरला. “आईचा गट ओ आहे,” तो म्हणाला. “हे रक्त चढवलं तर ती जाईल गं.”

ताई उठून त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हापासून तो प्लॅटफॉर्मला थांबायला शिकवतो आहे. एक चूक बुजवली की दुसरी निघते. इकडे माझं यंत्र सारखं कण्हतं. भावाचं काम आधी होईल की हे यंत्र आधी बंद पडेल, मला ठाऊक नाही. मी फार घाबरले आहे.

मित्रांनो, नव्या घराला माझी ना नाही. जुन्यांना जरूर न्या, पण नेण्याआधी त्यांच्या खोडी कशासाठी आहेत ते विचारून घ्या. आणि मला तिथे ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा ठेवा. पलीकडच्या खाटेवर कुणाची तरी आई असते.