फलाटावरची आत्या

“काका, इंजिनाचा फोटो काढायचा नाही. नियम आहे,” स्टेशन मास्तर प्रियदर्शिनी मॅडमनी तिसऱ्यांदा सांगितलं.

मुरारीने शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

उभा जन्म त्याने महाडच्या एसटी डेपोत गाड्यांखाली उताणं पडून काढला. जीव मात्र रेल्वेवर. डेपोतले त्याला फितूर म्हणत. आता रुळांवर विजेच्या तारा आल्या होत्या. सकाळची ही गाडी आज शेवटची डिझेल इंजिनावर येणार होती. आज हुकलं की संपलं.

“पोचवायला आलेले लोक फोटो काढतात, ते चालतं?”

“आपल्या माणसाचा काढा की! मागे इंजिन आलं तर मी काय करणार?” मॅडम हसल्या. “आहे का कोणी?”

इथेच घोडं अडलं. मुरारीने लग्न केलं नव्हतं. भावकी मुंबईला गेली ती तिकडचीच झाली. त्याने कधी कुणाला गाडीत बसवून दिलं नव्हतं.

बाकड्यावर कुडपणच्या काशीबाई बसल्या होत्या. लेकाकडे मुंबईला निघालेल्या, पायाशी नाचणीच्या पिठाचं भलंथोरलं गाठोडं. मुरारी जवळ जाऊन पुटपुटला, “मावशी, फोटोपुरत्या माज्या आत्या व्हाल?”

म्हातारीने त्याला खालून वर न्याहाळलं. “आत्या? मंग तुजा बापूस माजा भाऊस झाला. हाय ना बरा?”

“नाय. गेले.”

“अरे द्येवा! आनि मला कुनी कळवलं नाय?” काशीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी हातातली फाईल तोंडासमोर धरली.

मुरारीने आत्याला पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं केलं. “जरा डावीकडं, आत्या.”

“लगीन झालं का रे?”

“नाय. डावीकडं!”

“मंग जेवन कोन करतं?”

“मीच. हलू नका, गाडी आली!”

भोंगा झाला. काशीबाईंच्या खांद्यामागे वळणावर इंजिन दिसलं. मुरारीचं बोट बटणावर टेकलं.

“अरे मेल्या, आत्या गावाला निघाली आनि तू पाया पडत नाय? हेच शिकवलं बापसाने?”

सगळा फलाट वळून बघायला लागला. मॅडमही. आता न वाकावं तर आत्या खोटी ठरणार! मुरारी वाकला. काशीबाईंनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले आणि आशीर्वादाला कुलदैवतापासून सुरुवात केली. गावदेवी, वेशीवरचा देव, सगळे झाले. त्याने मान वर केली तेव्हा इंजिन फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभं होतं.

गाडी इथे जेमतेम थांबते. मुरारीने इंजिनाकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे.

“उचल की रे,” आत्या म्हणाली.

त्याने गाठोडं उचललं, तिला डब्यात चढवलं, खिडकीशी जागा बघून दिली. गाडी हलली तशी खिडकीतून हाक आली, “शिमग्याला येते रे! घ्यायला ये. तुज्या लगनाचं पन बगते!”

“मिळालं का इंजिन?” मॅडमनी विचारलं.

मुरारीने नकारार्थी मान हलवली. कॅमेरा गळ्यात तसाच लोंबत होता आणि हात वर होता. गाडी वळणाआड गेली तरी तो वरच राहिला. निरोपाचा हात कधी खाली घ्यायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.