सुलभाचा विरोध

पिंपळवंडीच्या ग्रामसभेत ठराव आला: बिबट्याचं कायद्यानं असलेलं संरक्षण काढा, दिसला की मारू द्या. सगळ्यांचे हात वर गेले, सुलभाचा गेला नाही. गेल्या वर्षी ती उसाला पाणी देत असताना बिबट्यानं तिचीच मान धरली होती.

"वहिनी, तुमी तरी हात वर करा," सरपंच म्हणाले.

सुलभा उठली. पदर सारून तिनं मानेवरचे व्रण दाखवले.

"पाण्याच्या मोटारीला लाईट रातचीच येती, म्हणून मी अंधारात गेले व्हते. दिवसा लाईट मागायचा ठराव कुणी का आणला न्हाई?"

"खाली बसा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"न्हाई बसणार. आधी माझा विरोध लिवा."

ठराव मंजूर झाला. पण ग्रामसेवकानं तिचा विरोध लिहून मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत सुलभा उभीच राहिली.