आधी उन्हात बघा

“आधी उन्हात नेऊन बघा. मगच घ्या.”

गिऱ्हाईक वैतागलं. “अहो मास्तर, तुमच्या डोळ्यांवर आख्खं गाव विसंबतं!”

“तेच चुकतं गावाचं,” मास्तर म्हणाले आणि डबा उचलून स्वतःच दुकानाबाहेर गेले.

रंगाच्या दुकानात छत्तीस वर्षं ते शेड जुळवतायत. भिंतीचा नखाएवढा पोपडा द्या, हुबेहूब तोच रंग घोटून देतात. बायको चिडवायची, “घरातलं मेलं काही दिसत नाही, रंग तेवढा दिसतो!”

गेल्या वर्षी तिचा थायरॉइड वाढला. हात थरथरायचे, छाती धडधडायची. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तिने एका दमात सुईत दोरा ओवून दाखवला. “बघा!” म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “क्वचित या गोळ्या यकृतावर उठतात. डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवा आणि त्याच दिवशी या.”

मास्तर हसले होते. “पिवळं ओळखायला मला शिकवता होय?”

मग तिचं जेवण तुटलं, अंगाला खाज सुटली. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने विचारलं, “अहो, माझे डोळे पिवळे वाटतात का?”

पिवळे दिसले. पण तिथे पिवळ्या उजेडाचा बल्ब होता, आणि दिव्याचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करूनच रंग बघायचा, ही मास्तरांची जन्माची सवय. त्यांनी वजा केला. “काही नाही गं, बल्बचा उजेड आहे.”

तिने निमूट गोळी घेतली. त्यांच्या शब्दावर आणखी नऊ दिवस गोळ्या घेतल्या. दिवाळीआधीचा हंगाम होता; ते उजाडायच्या आत निघायचे, दिवे लागल्यावर परतायचे. दहाव्या दिवशी सुट्टी होती. ती दारात उन्हाला उभी राहिली आणि मास्तरांना तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

दवाखान्यात खाटेवरून तीच त्यांची समजूत काढायची. “बल्बमुळेच फसलात हो. कुणीही फसलं असतं.” तीन आठवड्यांनी ती गेली.

उन्हात गिऱ्हाइकाने रंग ताडून पाहिला. “तंतोतंत! पण मास्तर, शर्टाचं बटण तुटलंय, तेवढं लावून घ्या की.”

“लावायचंय,” मास्तर म्हणाले.

घरी सुई ओवलेलीच आहे. तिनेच ओवलेली, हातभर दोऱ्याची. मास्तर रोज ती हातात घेतात, खिडकीशी नेऊन बघतात आणि पुन्हा जागच्या जागी टोचून ठेवतात.