साधनानं न टाकलेलं पाऊल

कल्याण हा जालन्यातला एक नंबरचा साल्सा नाचणारा आहे, असं नव्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, निदान चार माणसं शपथेवर सांगतील. त्यांतल्या तिघांना तसं सांगणारा कल्याणच होता, ही गोष्ट वेगळी. त्याचं बी-बियाण्याचं दुकान. सोयाबीनची पिशवी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो काउंटरमागं दोन पावलं टाकून दाखवायचा आणि म्हणायचा, "जोडीचा नाच म्हंजे काय, बाईमाणसाला बराबर नेता यायला पाहिजे. ते माझ्याकडं उपजतच हाये."

त्याच्या बायकोला, साधनाला, खरं काय ते ठाऊक होतं. नाचाच्या दोन वर्षांत कल्याणनं तिला एकदाही कुठं नेलं नव्हतं.

जोडीच्या नाचाचा कायदा सोपा असतो. एकानं न्यायचं, दुसऱ्यानं जायचं. नेणाऱ्यानं हाताच्या, छातीच्या हलक्या इशाऱ्यानं सांगायचं की आता डावीकडं, आता गिरकी, आता थांब. जाणाऱ्यानं ते ऐकायचं आणि तेवढंच करायचं. कल्याण सांगायलाच विसरायचा. पण त्याचा हात वर जायच्या आत साधना त्याच्याखालून गिरकी घेऊन मोकळी झालेली असायची. तो पुढचं पाऊल विसरला, की ती त्याच्या खांद्यावरचा हात किंचित दाबून त्याला वळवायची. बघणारे वा वा करायचे, कल्याण फुलून यायचा, आणि साधनाला त्यात वावगं काही वाटायचं नाही. घर तरी दुसरं कसं चालत होतं?

दुकानाला हिरवा रंग द्यायचं कल्याणनंच ठरवलं. त्याआधी आठ दिवस साधना निळ्या रंगाला नावं ठेवत होती. आकांक्षाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पुण्याला शिकायला ठेवायचं ही त्याचीच दूरदृष्टी. तो विचार त्याच्या डोक्यात पडेपर्यंत साधनानं वर्षभर कळ काढली होती. नाचाच्या क्लासचंही तेच. डॉक्टरांनी त्याला घाम गाळायला सांगितला, तेव्हा साधनानं क्लासचं पत्रक त्याच्या पेपराखाली ठेवलं आणि गप्प बसली. तिसऱ्या दिवशी कल्याण म्हणाला, "माझ्या डोक्यात एक आयडिया आलीय." ती म्हणाली, "कोणती हो?"

बायका अशा हुशार असतात असं म्हणून लोक हसतात. मला विचाराल तर हे फार दमवणारं काम आहे.

म्हणूनच, सेहेचाळिसाव्या वर्षी साधनाला पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटलं, तेव्हा ते कुणाच्या तोंडून वदवून घ्यायचा तिला कंटाळा आला. क्लास चालवणारा मिथुन मूळचा केदारखेड्याचा, पुण्यात सात वर्षं राहून नाच शिकून आलेला. हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्याचा क्लास भरायचा. तो पुढच्या महिन्यात नवशिक्यांची शनिवारची नवी बॅच काढणार होता आणि त्या बॅचला शिकवायला माणूस शोधत होता. साधना सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ती बॅच मला पाहिजे."

मिथुननं डोकं खाजवलं. "ताई, तुम्ही नाचता झक्कास. पण फॉलो करत न्हाईत."

"मंग काय करते मी?"

"कल्याणभाऊंना चालवता."

साधनाचे कान तापले. तिनं ते नाकारलं असतं, पण मिथुन दोन वर्षं तिची पावलं बघत होता. तो म्हणाला, "तुम्हाला साल्सा इतका पाठ हाये, की समोरचा काय सांगतोय ते तुम्ही ऐकतच न्हाईत. अशी बाई शिकवायला लागली, तर तिच्या हाताखालच्या समद्या पोरी आगाऊ होतील, आन पोरं निवांत. एक काम करा. संभाजीनगरला नीला मॅडम टँगो शिकवतात, त्योबी जोडीचाच नाच. तुम्हाला त्यातलं काईच येत न्हाई ना? तिथं जा महिनाभर. मंग बोलू."

रागारागातच ती शनिवारी एसटीत बसली. येणारा नाच सोडून न येणारा शिकायला साठ किलोमीटर जायचं, म्हणजे भात शिजवून झाल्यावर तांदूळ निवडायला बसण्यासारखं होतं. पण बॅच पाहिजे होती.

नीला मॅडम ठेंगण्या, पन्नाशीच्या, पिकलेल्या केसांच्या. त्यांनी साधनाला समोर घेतलं आणि त्या पुढं चालू लागल्या, साधना उलट्या पावलांनी मागं. एक पाऊल, दोन, तीन. आणि मॅडम मध्येच थांबल्या. साधना थांबली नाही. ती एकटीच चौथं पाऊल टाकून मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. बसली म्हणजे आदळली.

"कुठे निघाला होतात?" मॅडमनी विचारलं.

"मागं."

"कोणी सांगितलं?"

साधना खुर्चीवरून उठली. ह्या नाचाला ठरलेला पाढाच नव्हता. पुढं काय येणार ते नेणाऱ्यालाही आधी ठाऊक नसायचं, मग तिला कुठून असणार? त्या दिवशी ती अकरा वेळा न सांगता निघाली आणि अकरा वेळा मॅडमनी तोच प्रश्न विचारला. बाराव्या वेळी तिला रडू आलं. बियाणे कंपनीतल्या नोकरीत, घरात, नात्यागोत्यात साधना चुकते असं कुणी म्हटलेलं तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

पाणी देता देता मॅडमनी वर्गातल्या बायकांकडं बोट दाखवलं. "ती जांभळ्या ओढणीवाली दहा वर्षं साल्सा करते. ती उंच बाई बॉलरूम नाचात बक्षिसं घेऊन आली आहे. इथे त्या मुद्दाम अडाणी व्हायला येतात. येणाऱ्या नाचात माणूस आठवणीवर चालतो. न येणाऱ्या नाचात समोरच्याचं ऐकावंच लागतं, दुसरा इलाजच नसतो. इथे ऐकायला शिकून त्या परत आपापल्या नाचात जातात."

पुढच्या आठवड्यात नागपंचमी होती. साधना सासूकडं, हसनाबादला गेली. साळूबाई, तिची सासू, चौऱ्याहत्तर वर्षांची. फुगडीचा आवाज आला की अजून उठून उभी राहणारी. साधनानं तिला टँगोचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. आत्याबाई हसतील असं तिला वाटलं होतं. साळूबाईनं तिला अंगणात ओढलं, हातांची अढी घातली आणि फुगडी धरली. दोन गिरक्यांत म्हातारीनं पाय रोवले.

"तू मला तोलून धरून राह्यली, साधना. मी पडंन म्हून."

"मंग? वय काय तुमचं, आत्याबाई!"

"माझं वझं माझ्यापाशी राहू दे. तू तुझं मागं टाक, मी माझं टाकते. दोघींचं वझं तूच घेतलं तर फुगडी कशी व्हायची? ती नुसती ओढाओढ." मग धापा टाकत ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "कल्याणलाबी तू असंच धरलंय. लग्नाच्या पयल्या वर्षापासून बघते मी."

परतीच्या गाडीत तिनं मोबाइल काढला नाही, खिडकीतून कपाशी बघत बसली.

महिन्यानं मिथुननं नीला मॅडमना एका रविवारी सकाळी जालन्याला बोलावलं. सगळ्या क्लासला तासभर टँगोची तोंडओळख, मग जोड्यांनी नाचून दाखवायचं. आदल्या दिवशी त्यानं साधनाला बाजूला घेतलं. "उद्या तुम्ही भाऊंसंगं. तुम्ही सोताहून एकबी पाऊल टाकलं न्हाई, तर बॅच तुमची. टाकलं, तर मंग दुसरं कुणी बघतो. आन भाऊंना काई सांगायचं न्हाई."

साधनाला जेवण गेलं नाही. कारण कल्याणनं तोवर मोंढ्यातल्या अंगदला, आपल्या बालमित्राला, बघायला यायचं निमंत्रण देऊन टाकलं होतं. "नुसतं चालायचंय रे त्याच्यात," तो फोनवर म्हणत होता, "ते तर मी झोपेतबी करीन."

रविवारी अंगद पहिल्या खुर्चीवर बसला, मोबाइल आडवा धरून. भिंतीला टेकून सोळा-सतरा माणसं उभी. शिकण्याच्या तासात कल्याण बहुतेक वेळ इतरांना चुका सांगत फिरला होता. त्यांची पाळी आली तेव्हा त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली आणि साधनाच्या पाठीवर हात ठेवला. गाणं सुरू झालं.

चार पावलं ठीक गेली, सरळ रेषेतली. मग हॉल संपत आला. साधनाच्या पाठीमागं दोन हातांवर भिंत. आता वळायला हवं होतं, आणि वळायचं काम नेहमीप्रमाणे साधनाचं होतं. कल्याण थांबला आणि ती वळायची वाट बघू लागला.

साधनाला सगळं येत होतं. उजवा पाय हलका झालाही होता. नुसता बाजूला ठेवला, खांदा थोडा फिरवला, की कल्याण आपोआप वळला असता आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिनं पाय होता तिथंच ठेवला.

गाणं चालू होतं. दोघं उभे होते.

"चल की," कल्याण दातांतल्या दातांत म्हणाला.

"कुठं?"

"नेहमीसारखं."

"तुम्ही सांगा, मी येते."

"साधना, लोकं बघून राह्यले."

लोक बघतच होते. कुणीतरी खोकलं. कल्याणच्या कानाची पाळी लाल झालेली तिला अगदी जवळून दिसली. बावीस वर्षांत तिनं ह्या माणसाला चारचौघांत उघडं पडू दिलं नव्हतं. बॅच गेली खड्ड्यात, टाकावं का पाऊल? एकच पाऊल, कुणाला कळणारही नाही.

कंपनीच्या प्रयोगशाळेत साधना बियाण्याची उगवण तपासायची. ट्रेमध्ये शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवतात ते बघायचं. नवी आलेली मुलगी एकदा अडकलेल्या कोंबाचं टरफल नखानं काढून देताना सापडली, तेव्हा साधनाच तिच्यावर ओरडली होती, की तू ह्या दाण्याला मदत करत नाहीयेस, त्याच्याबद्दल खोटं लिहितेयस. ते तिला आता आठवलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मग तिच्या पाठीवरचा हात बदलला. इतका वेळ तो नुसता ठेवलेला होता, आता त्यात माणूस आला. कल्याणनं श्वास घेतला. त्याचा भार हळूच त्याच्या डाव्या पायावर गेला आणि त्याच्याबरोबर तिचा भार तिच्या उजव्या पायावर. एक वीतभर पाऊल, बाजूला. ती गेली. मग आणखी एक, अर्धवट वळलेलं, वाकडं. ती तेवढीच वाकडी गेली. तिसऱ्याला तो पुन्हा अडला, आणि गाणं तिथंच संपलं.

"झालं का?" अंगदनं मोबाइलमागून विचारलं.

टाळ्या दोनच जणांनी वाजवल्या, नीला मॅडमनी आणि मिथुननं. मिथुननं हॉलची जादा किल्ली खिशातून काढून साधनाच्या हातात दिली. तिला ज्याची आस होती ते तिला मिळालं होतं, आणि ती कल्याणकडं बघत होती. तो कोपऱ्यात बसून बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता.

घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाला, "दोन वर्षं तूच करून राह्यलीस का हे समदं?"

नेहमीची साधना म्हणाली असती, छे हो, आज तुमचं लक्ष नव्हतं. आजची म्हणाली, "हो."

"आन दुकानाचा हिरवा रंग?"

"त्योबी."

तांब्या ठेवून तो बाहेर गेला. पुढचे सहा दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. साधनाला फार वाईट वाटलं, पण आपण चूक केली असं एकदाही वाटलं नाही. आणि मुख्य म्हणजे तिनं काहीही केलं नाही. आकांक्षाकडून फोन करवला नाही, त्याच्या आवडीचं धपाटं-ठेचा केलं नाही, पेपराखाली काही ठेवलं नाही. कल्याण रुसला होता तर त्याला रुसू दिलं.

शनिवारी चार वाजता तिनं किल्ली लावून हॉल उघडला. नवशिके जिना चढून आले. अकरा जण. फॉलो करणारे एका भिंतीला, नेणारे दुसऱ्या भिंतीला. ती वही घेऊन नावं लिहायला निघाली, तेवढ्यात जिन्यावर ओळखीचे बूट वाजले.

शनिवारी मोंढ्यात तुफान गर्दी असते. तरीही कल्याण दुकान नोकरावर, रामकिसनवर, टाकून आला होता. तो नेणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी, एका कॉलेजच्या पोराशेजारी, उभा राहिला.

"नाव लिहा, मॅडम," तो म्हणाला. "पयल्यापासून शिकायचंय. काईच येत न्हाई."

साधना वहीवर पेन टेकवून थांबली. तिनं गेला आठवडा मनातल्या मनात उलटासुलटा करून पाहिला. आपण कुठं काही बोललो का, सुचवलं का, कुणाकडून सुचवलं का. काहीच सापडलं नाही. तो आपला आपण आला होता.

तिनं नाव लिहिलं. पहिलं पाऊल दाखवायला तिला जोडीदार हवा होता, आणि तिनं काही म्हणायच्या आत कल्याणनं येऊन हात पुढं केला. साधनानं आपला हात त्याच्या हातात दिला आणि तो काय सांगतो ह्याची वाट बघत उभी राहिली.