ओदार्का मावशीच्या अंगणावरून

हेलिकॉप्टर तळावर उतरलं तेव्हा त्याच्या चाकाला अडकलेली एक पांढरीशुभ्र चादर फडफडत होती, आणि खाली उभे असलेले झाडून सगळे मेकॅनिक पोट धरून हसत होते.

"काय कमांडर, शरण आलात की काय?" त्यांच्यातला एक ओरडला. "आमच्याकडे नका येऊ बाबा, तुम्हाला पोसायला इथं काही नाही!"

कमांडर मिरोन खाली उतरला. त्यानं चादर पाहिली, मग उजव्या खुर्चीत नकाशा मांडीवर घेऊन बसलेल्या नझारकडे पाहिलं. "वाट तू दाखवलीस. चादर तुझी."

नझारचा गुन्हा एवढाच की त्यानं काम चोख केलं होतं. शत्रूला दिसायचं नसेल तर जमिनीला चिकटून उडायचं, हा दक्षिण युक्रेनमधल्या त्या तळाचा पहिला नियम. चिकटून म्हणजे किती? तर खांबावरच्या घरट्यातले करकोचे मान वाकवून खाली तुमच्याकडे बघतील, इतकं. विजेच्या तारा आल्या की टुणकन वर, तारा सरल्या की धपकन खाली. लढाई नझारला मुळीच आवडत नव्हती. पण हे असं उडणं? लाज वाटावी इतकं आवडायचं. सूर्यफुलांवरून सुसाट जाताना तो खिदळायला लागायचा, आणि मधे बसलेले यंत्र सांभाळणारे पिलिपकाका त्याच्या हेल्मेटवर टपली मारायचे. "दात झाक, लेका. माश्या जातील."

परतीच्या वाटेवर नदीकाठी एक गाव होतं. तिथल्या उंच झाडांच्या रांगेत एकच फट होती, आणि फटीच्या बरोबर खाली ओदार्का मावशीचं अंगण. दोन हेलिकॉप्टरं जोडीनं फटीतून घुसायची. कोंबड्या दाही दिशांना, बादल्या नदीकडे, आणि फावडं उगारून उभी असलेली ती बाई. शत्रूपेक्षा तिचीच भीती वाटते, असं मिरोन म्हणायचा.

चादर तिच्याच दोरीवरची. नझारनं ती धुतली, इस्त्री केली आणि नेऊन दिली. दार उघडलं ते मावशीच्या मुलीनं, ओरिस्यानं. ती गुरांची डॉक्टर, कोपरापर्यंत हात भरलेले. चादर बघून ती जी हसत सुटली ती दाराला टेकून खालीच बसली. नझारचं तिथेच काम तमाम झालं.

पुढचं काही सांगायला नको. वसंत गेला, चेरी पिकून संपल्या, आणि एका रविवारी मिरोन आणि पिलिपकाका अंगाला सुगंध फासून, हातात पाव घेऊन, रीतीप्रमाणे मागणी घालायला निघाले. मधे नझार, बोहल्यावर नेताहेत की फाशीला, हे न कळल्यासारखा चेहरा करून.

"आम्ही शिकारी आहोत," मिरोननं ठरलेलं बोलणं सुरू केलं. "एका सुंदर हरणीच्या मागावर आलो, तर माग थेट तुमच्या दारात..."

"शिकारी कसले, कपडेचोर मेले!" ओदार्का मावशी म्हणाली. "माझ्या तीन कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं तुमच्यापायी. आत या, बोर्शचं सार निवतंय."

तिनं पोटभर खाऊ घातलं. पिलिपकाकांना तिसऱ्यांदा वाढलं. सगळ्यांना वाटलं, जमलं! मग ती उठली, आत गेली आणि एक भलाथोरला भोपळा आणून तिनं नझारच्या मांडीवर ठेवला. भोपळा हातात आला की बोलणं संपलं. तिथे नकार असाच देतात.

"पोरगा वाईट नाही," ती मिरोनला म्हणाली, जणू नझार तिथे नव्हताच. "पण तो ज्यात बसतो ते वाईट आहे. हिचा बाप या लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला. दारात उभं राहून वाट बघणं मी पुरेपूर केलंय. आता मला कुणाची वाट बघायची नाही."

ओरिस्या नझारला सोडायला फाटकापर्यंत आली. "मला तूच हवास. पण घरात आम्ही दोघीच आहोत रे. ती हो म्हणेपर्यंत मी नाही येणार."

"आणि नाहीच म्हणाली तर?"

"मग कोंबड्यांना घाबरवायला येत जा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

भोपळ्याची खीर अख्ख्या तळानं ओरपली. वाढणारा आचारीसुद्धा "नवरदेव, अजून घ्या" म्हणत होता.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दोन्ही हेलिकॉप्टरं अंगणावरून गेली. मावशीनं फावडं उगारलं, नझारनं हात हलवला. आघाडीजवळ पोचल्यावर नाक वर करून रॉकेटं सोडायची आणि गर्रकन वळून पळायचं, एवढंच काम. ते झालं. वळताना पिलिपकाका किंचाळले, "डावीकडून येतंय!" मिरोननं यंत्र एका अंगावर कलवलं, फसवे आगीचे गोळे मागे उधळले, आणि क्षेपणास्त्र त्या गोळ्यांमागे वळून हेलिकॉप्टरच्या शेपटीपाशी फुटलं. सगळं दणाणलं. तेलाचा काटा झरझर खाली यायला लागला.

"जोडीदाराला सांग, थांबू नको, घरी जा," मिरोन शांतपणे म्हणाला. "आपल्याला मऊ जागा शोध."

नझारनं शोधली. कलिंगडाचं शेत. हेलिकॉप्टर धाडकन टेकलं, घसरत गेलं, आणि फटाफट फुटलेल्या कलिंगडांचा लाल चिखल फुटक्या काचेतून आत उडाला. पिलिपकाकांनी तो चेहऱ्यावरून पुसला, हाताकडे पाहिलं, किंकाळी फोडली. मग बोट चाटलं. "गोड आहे," ते म्हणाले.

त्यानंतर तिघंही हसले ते विचारू नका. खाली उतरून, एकमेकांच्या गळ्यात पडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेताचा म्हातारा मालक धावत आला. "पिकलेली होती रे ती, नालायकांनो!" असं ओरडून त्यानं एकेकाचे मुके घेतले आणि प्रत्येकाच्या हातात कलिंगडाची फोड दिली. जिवंत असण्याची चव इतकी गोड असते, हे नझारला ठाऊक नव्हतं.

अर्धी फोड खाऊन झाली आणि त्यानं उरलेली एकदम खाली ठेवली.

"कमांडर, आपण अंगणावरून गेलो नाही."

मिरोनचंही हसू थांबलं. तळाला रेडिओवरून कळवून झालं होतं, पण मावशीला कोण कळवणार? उडताना फोन न्यायचा नाही हा नियम, आणि म्हाताऱ्याच्या फोनला दोन दिवस रेंज नव्हती. दोन गेली होती, एकच परत गेलं. ओरिस्याचा जीव जायची वेळ आली असेल, आणि मावशीचं म्हणणं तर आता खरंच ठरलं. आता ती मेली तरी हो म्हणणार नाही, असं नझारला वाटलं.

"तू गेलास ते तळाला मी सांगतो," मिरोन म्हणाला. "तू जा."

म्हाताऱ्यानं त्याला मोटारसायकलला जोडलेल्या खोक्यात कोंबलं, मांडीवर कलिंगडं दिली आणि ब्रेक हा प्रकारच नसल्यासारखी गाडी हाणली. दिवसभरात नझारनं पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं ते तेव्हा.

गावात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते, ते कुणी काढलेच नव्हते. पायरीवर ओरिस्या बसली होती, नझारच्या बंद फोनला पुन्हा पुन्हा फोन लावत. आणि अंगणाच्या मधोमध ओदार्का मावशी उभी होती, फटीकडे तोंड करून.

"मावशी," नझार म्हणाला.

ती वळली. जवळ आली. आणि दोरीवरचा टॉवेल ओढून तिनं त्याला असा बडवला की बडवताना तिलाच धाप लागली. "सकाळपासून! मेल्या, सकाळपासून! एकच आलं! दुसरं कुठं गेलं, मी कुणाला विचारू?" मग टॉवेल तोंडात कोंबून ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. ओरिस्या एकाच वेळी हसत आणि रडत नझारच्या गळ्यात पडली होती, तिला कुणी अडवलं नाही.

बऱ्याच वेळानं मावशीनं नाक पुसलं.

"नाही म्हटलं ते वाट बघायला लागू नये म्हणून," ती म्हणाली. "तरी बघितलीच ना? वर परक्याची. परक्याच्या काळजीत माणसाला कुठं जाऊन विचारतासुद्धा येत नाही."

"म्हणजे मावशी... तुम्ही हो..."

"कागद घे," तिनं त्याला दरडावलं. "फोन नंबर लिही. तुझा नको, तुझ्या कमांडरचा."